कपाटाएवढा कॅमेरा

कौशल्याबाईंच्या घरी चहाला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला विमलबाईंचं उघडं तोंड बघावं लागे.

त्याचं झालं असं. कौशल्याबाईंच्या नातवाचं लग्न रावेतच्या लॉनवर झालं. ड्रोन होता, क्रेन होती, आणि कॅमेरेवाल्यांचीच वेगळी पंगत बसावी इतके कॅमेरेवाले होते. आपल्याकडच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी निवेदक माइक धरतो आणि आलेल्यांचं स्वागत सुरू करतो. आजी नगरसेवक, माजी नगरसेवक, होऊ घातलेले नगरसेवक, डेअरीचे संचालक, पतसंस्थेचे चेअरमन. एखादा राहिला तर तो न जेवता गाडीत जाऊन बसतो, म्हणून नवीन कुणी दिसलं की निवेदक पुन्हा वरपासून सुरू करतो. नवरा-नवरी तोवर हार हातात घेऊन उभी. अशा स्वागतात विमलबाईंचा डोळा लागला, तर त्यात त्यांचा काय दोष? पहाटेपासून जावेच्याच कार्यात राबत होत्या. मान खुर्चीच्या पाठीवर गेली, तोंड आभाळाकडे झालं, आणि नेमका तेव्हाच वरून ड्रोन गेला.

तो तुकडा फिल्ममध्ये राहिला. मोठ्या टीव्हीवर विमलबाईंचं तोंड पिठाच्या डब्याएवढं दिसे, आतली सोन्याची दाढसुद्धा. कौशल्याबाई फिल्म बरोबर तिथे थांबवत आणि पाहुण्यांच्या हातात चहा देत म्हणत, "ही आमची धाकटी जाऊ. लई दमली व्हती बिचारी."

बाकी सगळं विमलबाईंनी गिळलं असतं. ते 'बिचारी' घशाखाली उतरत नव्हतं.

दोघींचे बंगले एकाच वाटणीतले, मधे एक भिंत. पलीकडे फोडणी मोहरीची पडली की जिऱ्याची, ते अलीकडे कळे. फिल्मचंही तसंच. सनई संपायची, निवेदक सुरू व्हायचा, मग एकदम शांतता, मग हसू. ती शांतता म्हणजे आपलं तोंड, हे विमलबाईंना पाठ झालं होतं. त्यांनी मुलाला, जयदीपला, पलीकडे पाठवलं, की तेवढा तुकडा पुसा म्हणावं. तो चहा पिऊन परत आला.

"काकू म्हणतात, पोरांच्या लग्नाची फिल्म आहे, कापली तर अपशकुन होतो."

"आन् तू काय म्हणाला?"

"मी काय म्हणणार, आई? चहा चांगला होता."

अशा घरात बाईनं दाद कुणाकडे मागायची? नवरा म्हणाल तर बबनराव. त्यांना ऐकू येईनासं होऊन बरेच दिवस झाले होते. विमलबाई काहीही बोलल्या तरी ते मान डोलवत, आणि त्यामुळे त्यांच्याइतका समजूतदार नवरा साऱ्या रावेतात नाही अशी त्यांची ख्याती होती.

तेवढ्यात नातीचं, उत्कर्षाचं, लग्न ठरलं. मुलगा चाकणच्या बाजूचा, कंपनीत इंजिनीअर. साखरपुडा मुलीकडचा, म्हणजे विमलबाईंच्या घरचा. त्यांनी त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, "शूटिंग घरचं व्हईल. भायेरचा एक माणूस न्हाई लागणार." मनातलं मात्र कुणाला सांगितलं नाही. साखरपुड्याला थोरली जाऊ येणार, बसणार, जेवणार, कंटाळणार. तिचा एखादा तसलाच तुकडा हाताशी आला, की भिंतीवरून सांगायचं: तुमी आमचा पुसा, आमी तुमचा पुसतो.

"मोबाईल आहेत की सगळ्यांकडे," जयदीप म्हणाला.

"मोबाईलवर फोन येतो. पोरगं अंगठी घालायला वाकलं आन् तेवढ्यात कर्ज घ्या म्हणणारी बाई बोलली, तर कुनाला घालायची अंगठी?"

दुसऱ्या दिवशी जयदीप आईला पिंपरी कॅम्पात घेऊन गेला.

दुकानदारानं पाच-सहा खोकी उघडली. विमलबाईंनी त्यातला सगळ्यात बारका उचलला, वांगं बघतात तसा उलटापालटा केला आणि कानाशी नेऊन हलवला. तळहातात मावत होता.

"एचडी आहे, माताजी. हात हलला तरी चित्र हलत नाही."

"माझा हात हालत न्हाई."

"तुमचा नाही, दुसऱ्यांचा," दुकानदार शहाणा होता. त्यानं त्यांना दाराशी उभं केलं, एक खटका दाबला, आणि समोरच्या दुकानातल्या साडीची किनार, तिच्यावरचा भाव आणि भाव ऐकून गिऱ्हाइकाचं वाकडं झालेलं तोंड, सगळं पडद्यावर आलं. इतक्या लांबून माणसाचं तोंड असं धरता येतं, तर मग आणखी काय पाहिजे? बॅटरी लवकर उतरते, उन्हात तापतो, अंधारात चित्राला मुंग्या आल्यासारख्या दिसतात, असं दुकानदार पुढे सांगत होता. विमलबाईंनी तोवर पिशवी पुढे केली होती.

घरी आल्या आल्या समोरचे मारुतराव हजर. ते कंपनीच्या क्वालिटी खात्यातून निवृत्त झाले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. भाजीवाल्याकडची भेंडीसुद्धा ते सँपल काढून मोडत. "वहिनी, ट्रायल घ्या," ते म्हणाले. "पहिला पीस पास झाल्याशिवाय प्रॉडक्शन सुरू करायचं नसतं. आणि ट्रायल घरात नको. बागेत घ्या, नैसर्गिक उजेडात."

म्हणून उत्कर्षाला नटवून सगळे जवळच्या बागेत गेले. फाटकावर रखवालदारानं हात आडवा केला.

"कॅमेरा न्यायचा न्हाई."

आत कारंज्यापाशी पोरंपोरी मोबाईल लावून नाचत होती. विमलबाईंनी बोट दाखवलं.

"ते मोबाईल हायेत, आजी. मोबाईल चालतो."

"आन् ह्यो त्याच्याहून बारका हाय."

"बारका असला तरी कॅमेराच की. परवानगी आणा."

परवानगी देणारं ऑफिस बागेमागेच होतं. टेबलावरच्या बाबूनं मान वर न करता विचारलं, "चित्रपटाचं नाव?"

"उत्कर्षा."

"दिग्दर्शक?"

"मीच म्हना."

"चित्रीकरणात प्राणी वापरणार आहात का?"

विमलबाईंनी शेजारी उभ्या असलेल्या मारुतरावांकडे पाहिलं. "हे येनार हायेत बरुबर."

बाबूनं मग कॅमेरा दाखवा म्हटलं. त्यानं तो पाहिला, चष्मा काढला, पुन्हा पाहिला. "हा? याला परवानगी लागत नाही."

"मंग तसं लिवून द्या."

"जी लागतच नाही ती परवानगी लिहून कशी देणार? उद्या लागली तर?"

रखवालदार कागदाशिवाय सोडेना आणि बाबू कागद देईना. त्या दोघांच्या मधल्या वीस पावलांत उत्कर्षाची पावडर उतरली. शेवटी ट्रायल स्वतःच्या गच्चीवर घ्यायची ठरली, आणि तिथे कॅमेऱ्यानं आपले गुण दाखवायला सुरुवात केली.

गुण फार होते. हेच खरं दुखणं. माणसाचा डोळा पुष्कळ गोष्टी सोडून देतो. हा काही सोडत नव्हता. उत्कर्षाच्या हनुवटीवरची पुटकुळी, ब्लाउजची उसवलेली शिवण, मागच्या टाकीवरचं शेवाळ, सगळं असं लख्ख आलं की पोरगी म्हणाली, "आज्जी, मी लग्नच करत नाही." पुन्हा ते टीव्हीवर लावायला गेलं तर टीव्ही म्हणे ही फाईल मला वाचता येत नाही. विमलबाईंना टीव्हीचं वाईट वाटलं. त्यांनाही शाळेत फार काही वाचता आलं नव्हतं, पण त्यांनी असं चारचौघांत कबूल केलं नव्हतं. जयदीप लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला आणि त्या फाईलची दुसरी फाईल करत राहिला.

विमलबाई मात्र गच्चीवरच रमल्या. पलीकडच्या गच्चीवर कौशल्याबाई दुपारी तांदूळ निवडत बसत. इकडून पाण्याच्या टाकीआडून कॅमेरा लावला की सुपातला खडासुद्धा दिसे. फक्त जाऊ झोपत नव्हती. जेवून उन्हात बसलेली बाई, वर वारा, खाली चटई, आणि तरी ताठ. विमलबाई रोज टाकीआड उभ्या. एकदा कौशल्याबाईंनी सूप खाली ठेवलं, डोळे मिटले, आणि हळूहळू जांभई उघडू लागली. जांभई अर्ध्यावर आली आणि बॅटरी उतरली. रात्री लॅपटॉपवर पाहिलं, तर अर्ध्या जांभईतल्या कौशल्याबाई आरतीला सूर लावल्यासारख्या दिसत होत्या. डोळे मिटलेले, चेहरा प्रसन्न. एवढ्या जवळून त्या आयुष्यात कधी इतक्या सात्त्विक दिसल्या नव्हत्या.

"काकू छान आल्यात," जयदीप म्हणाला.

"बंद कर ते," विमलबाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात व्याही मंडळी कार्यक्रम ठरवायला आली. कौशल्याबाईंना थोरली म्हणून बोलवावंच लागलं. विमलबाई दारात कॅमेरा घेऊन उभ्या राहिल्या आणि विहीणबाई चप्पल काढत असतानाच त्यांच्यासमोर तो धरला. विहीणबाईंनी तो पाहिला, गोंधळल्या, आणि आज्ञाधारकपणे उजव्या हाताचं बोट पुढे केलं.

"शुगर बघताय व्हय? माझी कालच तपासली."

"शुगर न्हाई. शूटिंग हाय."

विहीणबाईंनी बोट मागे घेतलं. मग पोहे आले, चहा आला, आणि व्याह्यांनी घसा खाकरून विचारलं, "साखरपुड्याला शूटिंगवाला लावलाच आसंल की?"

"ह्योच की," विमलबाईंनी तळहात पुढे केला.

व्याह्यांनी तळहात पाहिला. विहीणबाईंनी पाहिला. विहीणबाई फार चांगल्या स्वभावाच्या होत्या, त्या लगेच म्हणाल्या, "साधेपनाच बरा बाई आजकाल."

आणि कौशल्याबाई पोह्यावरची कोथिंबीर बाजूला करत म्हणाल्या, "आमची विमल पयल्यापासनंच काटकसरी."

त्या रात्री विमलबाई जेवल्या नाहीत. दुकानात जो सगळ्यात भारी गुण वाटला होता, तो म्हणजे बारकेपणा, तोच वैरी निघाला. शूटिंग करणारा दिसायला पाहिजे, त्याच्या खांद्यावर काहीतरी जड पाहिजे, त्याला घाम यायला पाहिजे, तरच लोक पदर सावरतात. तळहाताएवढ्या कॅमेऱ्यापुढे कोण सावरणार? उलट लोक बोट पुढे करतात.

सकाळी त्यांनी चाकणला समाधानला फोन लावला. समाधान हा त्यांच्या बहिणीचा मुलगा. त्याचं फॅब्रिकेशनचं शेड होतं. कंपन्यांना विजेची कपाटं, मशीनवरची झाकणं असलं पत्र्याचं काम तो करून देई. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, कॅमेरा बारका हाय ह्यो प्रॉब्लेम न्हाई. बारका दिसतो ह्यो प्रॉब्लेम हाय. आपुन त्याला बॉडी देऊ."

"मोठी दिशील?"

"तू सांग किती."

हा प्रश्न विमलबाईंना विचारायला नको होता.

समाधानच्या शेडमध्ये काम सुरू झालं. आधी मिक्सरएवढी पेटी ठरली. मारुतराव ड्रॉइंग घेऊन चाकणला गेले आणि म्हणाले की हाताळायला जागा पाहिजे, तेव्हा ती टीव्हीएवढी झाली. कामगारांनी विचार केला की मालकाच्या मावशीचं काम आहे, तर पत्रा जाड घेऊ. जाड पत्र्याला चाकं लागली. चाकांना ब्रेक लागला. पुढे ट्रकच्या सायलेन्सरचा पाइप बसवून तोंड केलं, त्याला काळी काच लावली. वर क्रेनवर असतो तसला गरगरणारा लाल दिवा. रंग काळा ठरला होता, पण त्या दिवशी रंग भाजायच्या भट्टीत कुणाची तरी पिवळी ऑर्डर होती, तेव्हा पेटीही पिवळीच भाजून निघाली. मागचं दार विजेच्या कपाटाचं उरलेलं होतं. त्यावरची कवटी आणि हाडं खरवडली तरी पुरती गेली नाहीत. खरा कॅमेरा त्या दारातून आत ठेवायचा. आत गेल्यावर तो मोठ्या देवळातल्या बारक्या देवासारखा दिसे.

पेटी टेंपोतून रावेतला निघाली. रस्त्यावर तिला पाहून पुढचे-मागचे सगळे आपोआप हळू झाले, मोटरसायकलवाल्यांनी कोपराला अडकवलेली हेल्मेटं डोक्यावर घातली, आणि एका मोटारीतल्या माणसानं बायकोलाही पट्टा लावायला लावला. चौकातल्या हवालदारानं टेंपो थांबवून विचारलं, हे काय आहे. समाधाननं सांगितलं, कॅमेरा आहे. हवालदारानं शर्टाचं वरचं बटण लावलं आणि हातानं वाट करून दिली.

साखरपुड्याच्या दिवशी लॉनच्या मॅनेजरनं पेटी फाटकातच अडवली. जनरेटर आत चालत नाही म्हणाला. मग जयदीपनं समजूत घातली. आत आल्यावर दोन म्हातारे कूलर समजून तिच्यापुढे खुर्च्या टाकून बसले, आणि वारं येत नाही म्हणून तक्रार करू लागले. विमलबाईंचं तोंड उतरू लागलं होतं. एवढ्यात समाधाननं दिवा लावला.

लाल दिवा गरगरला आणि सगळं लॉन सरळ झालं. बायकांनी पदर घेतले. पुरुषांनी टोप्या नीट केल्या, पोटं आत ओढली. त्या दोन म्हाताऱ्यांनी तर उठून नमस्कार केला. पिवळी पेटी चाकांवर करकरत ज्या बाजूला वळे, त्या बाजूचे लोक बोलायचे थांबत. एक माजी नगरसेवक लगबगीनं निघाले होते. पेटीचं तोंड आपल्याकडे येतंय असं पाहून ते परत आले, बसले, आणि पेटी दुसरीकडे वळेपर्यंत हातातली पाण्याची बाटली त्यांनी खाली ठेवली नाही. व्याही विहिणीच्या कानाशी म्हणाले, "इंपोर्टेड दिसतीय."

पुढच्या रांगेत कौशल्याबाई बसल्या होत्या. त्यांच्या नातवाच्या लग्नात इतके कॅमेरे होते, पण असा एकही नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते विमलबाईंनी डोळे भरून पाहून घेतलं. दांडा स्वतः धरून त्या पेटीमागे उभ्या होत्या, नवी पैठणी, नाकात नथ. बबनराव शेजारी खुर्चीवर.

आणि समाधान मागून कुजबुजला, "मावशी, कॅमेरा तापून बंद पडला."

झालं होतं असं, की कंपनीला कपाट देताना आत धूळ जाऊ नये म्हणून एकही फट ठेवत नाहीत. समाधानच्या माणसांनी सवयीनं तसंच केलं होतं. त्यानं आडोशानं दार उघडलं, तर कॅमेरा तव्यावरून उतरवल्यासारखा. रुमालात धरून त्यानं तो मावशीला दिला. "थंड झाला की बटन दाबून बघ."

विमलबाईंनी तो हातातल्या कापडी पिशवीत टाकला. मधूनमधून पिशवीत हात घालून त्या बटण चाचपत होत्या, पण चालू झाला की नाही ते वर काही कळेना, तेव्हा मेलाच असं धरून त्यांनी सोडून दिलं. पेटी रिकामी आहे हे सांगायचं कुणाला? समोर सगळं गाव ताठ बसलेलं. त्यांनी समाधानला डोळ्यानं खुणावलं. दिवा गरगरत राहिला.

साखरपुडा रिकाम्या पेटीपुढे झाला. मुलानं अंगठी घातली, तर व्याह्यांनी पेटीकडे बघून ती काढायला लावली आणि हळू घाल म्हणाले. मग शुभेच्छा. एकेक जण पेटीच्या काळ्या काचेपुढे येऊन उभा राही, घसा साफ करी आणि सायलेन्सरच्या पाइपाला आशीर्वाद देई. उत्कर्षाच्या मैत्रिणी बाजूनं सगळं मोबाईलवर घेत होत्या, पण त्यांच्याकडे कोण बघतंय?

सगळ्यात शेवटी कौशल्याबाई उठल्या. पेटीसमोर उभ्या राहून त्या बोलल्या, आणि बराच वेळ बोलल्या. पेटीमागून विमलबाई नेहमीप्रमाणे बबनरावांशी बोलत होत्या, आणि बबनराव नेहमीप्रमाणे मान डोलवत होते.

साखरपुड्याचं सगळं आवरून झाल्यावर एका सकाळी कौशल्याबाई स्वतः आल्या. वाटणीनंतर त्या बोलावल्याशिवाय फारशा आल्या नव्हत्या. हातात वाटीभर नारळीपाक.

"विमल, माझं बोलनं कसं आलंय गं?"

विमलबाईंनी नारळीपाक तोंडात टाकला, म्हणजे उत्तर द्यायला वेळ मिळतो.

"ब्येस आलंय."

"मला दाव की. मोठ्या कॅमेऱ्यात मी कवा बोलले न्हाई. आमच्या नातवाच्या लग्नात त्या मेल्यांनी मला एकदाबी उभी केली न्हाई, सारखे नातसुनंच्या मागं. माजी एक आठवन राहू दे कुटंतरी."

विमलबाई चावायच्या थांबल्या. दारापाशी पिवळी पेटी उभी होती, तिच्यावर सध्या कपड्यांच्या घड्या ठेवत होते. खरं सांगितलं तर लाज जाणार, आणि न सांगितलं तर... त्यांना एकदम वाट दिसली.

"दावते. पन आदी माझा तुकडा पुसा."

कौशल्याबाईंनी भिंतीपलीकडच्या नातवाला हाक मारली. टीव्हीतला पुसला, लॅपटॉपमधला पुसला, नातवाच्या मोबाईलमधला पुसला, घरच्या ग्रुपवर गेलेलाही पुसला. विमलबाई प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन, चष्मा लावून बघून आल्या. आता जगात कुठेही त्यांचं तोंड उघडं नव्हतं. इतके दिवस ज्याच्यासाठी जीव टांगला होता ते काम झालं, आणि तेही अर्ध्या जांभईवर न अवलंबता.

"आता दाव," कौशल्याबाई सोफ्यावर नीट बसल्या. केसांवरून हात फिरवला, जणू पडद्यावरच्या कौशल्याबाईही ह्यांना बघणार होत्या.

विमलबाईंनी ठरवलं होतं की जयदीपला कार्ड लावायला सांगायचं, त्यात काही नाही असं निघालं की वीज गेल्याचं, कार्ड खराब झाल्याचं काहीतरी बोलायचं आणि हळहळायचं. हळहळायची तयारी त्यांनी चेहऱ्यावर करूनही ठेवली. जयदीपनं कार्ड लॅपटॉपला लावलं आणि लॅपटॉप टीव्हीला जोडला.

"एक फाईल आहे. चांगली मोठी आहे," तो म्हणाला.

पडदा काळाभोर. पिशवीच्या आतला अंधार, पण एचडी, त्यामुळे फारच स्वच्छ काळा. आणि आवाज सुरू झाला. लांबून, विहिरीतून यावा तसा, कौशल्याबाईंचा: "आमची उत्कर्षा सुखात राहू दे..." आणि त्याच्यावर, कानाशी बसून बोलल्यासारखा, खणखणीत, शब्दन् शब्द सुटा असा विमलबाईंचा:

"बोला. पाइपाला बोला. पाइप लई मन लावून ऐकतो."

जयदीपनं रिमोट शोधायला सुरुवात केली. तो कौशल्याबाईंच्या मांडीखाली होता.

"...विमलनं आन् मी एका चुलीवर सौंसार केला..."

"एका चुलीवर केला, पन लाकडं कुनी आनली ते सांगा की आक्का. तुमी धूर झाला म्हनून अंगनात बसायच्या. आवं, ऐकताय का? बघा कशी हात जोडती. हात जोडायला इतकी सवय असती, तर वाटनीत चिंचंचं झाड तरी सोडलं असतं."

मधे बबनरावांचं "हां, हां," असं समाधानाचं हुंकारणं.

"...ही पोर जन्मली तवा आमी दोगी दवाखान्यात बसून व्हतो..."

"कुठल्या बसून? ही बाकड्यावर आडवी झाली व्हती, मी बसून व्हते." मग पिशवीत काहीतरी खुळखुळलं, सुपारीची डबी असावी. आणि जरा हळू आवाजात, "चहा मातर हिनंच आनला. दोनदा आनला. माज्या पायातली चप्पल तुटली तर सवताची देऊन आनवानी घरी गेली. खोटं कशाला बोलू."

फाईल संपली. बबनराव समोर बसून काळ्या पडद्याकडे कौतुकानं बघत होते. विमलबाईंनी पदरानं टीपॉय पुसला.

कौशल्याबाई उठल्या. नारळीपाकाची रिकामी वाटी घेतली. "पेटीत कॅमेरा नव्हता म्हन."

"तापला व्हता."

"आन् मी पाइपाला बोलले."

"लई चांगलं बोलला तुमी."

"ऐकू तर काय आलं न्हाई त्यातलं. तुजं मातर सगळं आलं," असं म्हणून त्यांनी नातवाला ती फाईल मोबाईलमध्ये घ्यायला सांगितली आणि निघून गेल्या.

पुढे काय होणार हे विमलबाईंना भिंतीवरून कळणारच होतं. दोन दिवसांत पलीकडे पाहुणे आले, कपबश्या वाजल्या, आणि काळ्या पडद्यातला आवाज सुरू झाला. विमलबाई भिंतीला कान लावून उभ्या राहिल्या. तोंडावर पदर घेतला. पाइपाचं वाक्य आलं, आणि पलीकडे हसू फुटलं. धुराचं वाक्य आलं, पुन्हा हसू. चिंचेच्या झाडाला तर कुणीतरी ठसकलं आणि पाणी मागितलं. विमलबाईंनी पदर थोडा खाली केला. हे हसू निराळं होतं. आधीच्या फिल्मला लोक त्यांच्याकडे बघून हसत. हे त्यांचं ऐकून हसत होते. आणि खरं सांगायचं तर वाक्यं चांगली होती. धुराचं तर फारच नेमकं बसलं होतं.

पुढच्या वेळी पाहुणे आले तेव्हा त्या पलीकडे जाऊनच बसल्या. वेणी घातली होती. आवाज बारीक वाटला तेव्हा वाढवायला लावला. चिंचेपाशी लोक इतके हसले की पुढचं ऐकू आलं नाही, तर त्यांनी ते मागे घेऊन पुन्हा लावायला सांगितलं आणि झाड नेमकं कुठे होतं ते खिडकीतून दाखवलं. शेजारच्या सोसायटीतल्या बायका ऐकायला येऊ लागल्या. विहीणबाई खास चाकणहून आल्या, आणि जाताना विमलबाईंचा हात हातात धरून म्हणाल्या की आमच्याकडे लग्नाला तुम्हीच शूटिंग करायचं, पिशवीतूनच करायचं.

कौशल्याबाई चहा करून करून थकल्या. त्यांचा आशीर्वाद तर कुणीच ऐकेना. त्या म्हणत, "आवं, माजं पुढचं ऐका, तितं मी चांगलं बोललेय," तोवर लोक टाळ्या देत असत. शेवटी एका दुपारी त्या भिंतीपाशी आल्या. विमलबाई अलीकडे कपडे वाळत घालत होत्या.

"विमल, पुसून टाकू म्हनते ती फाईल. उगं काळा पडदा बघायचा. दिसत तर काय न्हाई त्यात."

विमलबाईंनी बबनरावांचं धोतर झटकलं, दोरीवर टाकलं, चिमटा लावला.

"पुसायचंच आसंल, आक्का, तर तेवढं तुमचं बोलनं पुसा. माजं राहू द्या."